काळाच्या पलीकडून आणलेली खूण

कुशस्थली नावाच्या नगरीत ककुद्मी नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची कन्या रेवती उपवर झाली, तेव्हा तिला योग्य वर कोणता, हे राजाला काही केल्या ठरवता येईना. अखेर साक्षात ब्रह्मदेवालाच विचारावे असे त्याने योजिले आणि कन्येला बरोबर घेऊन तो ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालले होते. गायन चालू असता मध्येच बोलणे शिष्टाचाराला सोडून झाले असते, म्हणून राजा थोडा वेळ थांबला. गाणे संपताच त्याने आपल्या मनातील राजपुत्रांची नावे ब्रह्मदेवापुढे मांडली. ती ऐकून ब्रह्मदेवाला हसू आले. तू ज्यांची नावे घेतोस ते राजपुत्र, त्यांचे पुत्र, त्यांचे नातू यांपैकी आता कोणीही पृथ्वीवर उरलेले नाही, असे त्याने राजाला सांगितले. राजा गाणे ऐकत उभा होता तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली होती!

ही कथा भागवतात आहे, तशीच विष्णुपुराणातही आहे. पुढे ब्रह्मदेवाच्याच सांगण्यावरून रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. परंतु मधल्या काळात माणसे ठेंगणी झाली होती आणि रेवती तर जुन्या युगातली. ती बलरामापेक्षा फारच उंच दिसू लागली. तेव्हा बलरामाने आपल्या नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून इतर स्त्रियांएवढी केले, असे विष्णुपुराणात सांगितले आहे.

मुलांनो, ही कथा तुमच्यापैकी काहींनी घरी ऐकली असेल. देवादिकांची कथा म्हणून आपण ती ऐकतो आणि सोडून देतो. पण नीट पाहिले तर ती एका प्रवासाची कथा आहे. हा प्रवास एका गावाहून दुसऱ्या गावाला केलेला नव्हे, तर एका काळातून दुसऱ्या काळात केलेला आहे. आता रेवतीची उंची घटकाभर ध्यानात ठेवा. ककुद्मी राजाने कितीही शपथा घेतल्या असत्या, तरी द्वारकेतील लोकांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे! परंतु समोर उभी असलेली, सर्वांपेक्षा उंच अशी ती राजकन्या कोणाला नाकारता येणार? ती स्वतःच त्या प्रवासाची खूण होती.

कालप्रवासाच्या कथा जगातील पुष्कळ भाषांत आहेत. त्या वाचू लागले म्हणजे एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. प्रवासी कसा गेला, याविषयी प्रत्येक लेखक निराळे सांगतो. पण परत आलेल्या प्रवाशाच्या हातात, खिशात किंवा पायाशी काहीतरी असते. त्या वस्तूवाचून गोष्ट पुरी होत नाही.

जपानमध्ये उराशिमा तारो नावाच्या कोळ्याची गोष्ट लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. ती इतकी जुनी आहे की आठव्या शतकातील जपानी ग्रंथांतही तिचे मूळ सापडते. आज ती जशी सांगतात तशी ती अशी : उराशिमाने एका कासवाचा जीव वाचविला. त्या उपकाराची फेड म्हणून कासवाने त्याला समुद्रतळीच्या राजवाड्यात नेले. तेथे त्याचे थोडे दिवस मोठ्या सुखात गेले; पण घरची आठवण येऊन तो परत निघाला. निघताना राजकन्येने त्याला एक पेटी दिली आणि ती कधीही उघडू नकोस असे बजावले. गावी येऊन पाहतो तो त्याचे घर नाही, आईबाप नाहीत, ओळखीचे एक माणूस नाही. तीनशे वर्षे उलटून गेली होती. दुःखाच्या भरात त्याने पेटी उघडली. आतून पांढरा धूर निघाला आणि पाहता पाहता तो तरुण कोळी जख्ख म्हातारा झाला. त्याने न जगलेली सारी वर्षे राजकन्येने त्या पेटीत बंद करून ठेवली होती! खूण म्हणून आणलेल्या वस्तूंमध्ये याहून भयंकर वस्तू मला तरी ठाऊक नाही.

अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग याने १८१९ साली 'रिप व्हॅन विंकल' ही कथा प्रसिद्ध केली. रिप हा मोठा सुस्वभावी, पण कामाचा कंटाळा करणारा गृहस्थ. डोंगरात शिकारीला गेला असता त्याला काही विचित्र माणसे भेटली. त्यांचे पेय पिऊन त्याला झोप लागली, ती वीस वर्षांनी उतरली. जागे झाल्यावर तो आपली तेल दिलेली स्वच्छ बंदूक शोधू लागला, तो शेजारी गंजलेली नळी आणि किडीने खाल्लेला दस्ता एवढेच पडलेले. कोणीतरी आपली चांगली बंदूक चोरून ही मोडकी ठेवून गेला, असे त्या भोळ्याला वाटले. गावात आला तो खाणावळीच्या पाटीवरील इंग्लंडच्या राजाचे चित्र बदलून तेथे जनरल वॉशिंग्टनचे नाव आले होते. मधल्या काळात अमेरिका स्वतंत्र झाली होती. रिपने मात्र मी राजाचा एकनिष्ठ प्रजाजन आहे, असे भर सभेत सांगितले आणि लोक त्याला शत्रूचा हेर समजून मारावयास उठले! कथा विनोदी आहे खरी. पण झोपेत एक सबंध राज्यक्रांती निघून गेली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, ही कल्पना हसता हसता विचार करावयास लावणारी आहे.

ककुद्मी, उराशिमा आणि रिप या तिघांत एक साम्य आहे. आपण काळाचा प्रवास करीत आहो, हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. शिवाय ते सारे पुढच्या काळात गेले आणि तेथून परतीची वाट नव्हती. मनात आणले की निघावे आणि हवे तेव्हा परत यावे, असा प्रवास कथेत येण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हे साहजिकच होते. आगगाडी आली, तारायंत्र आले, घरोघरी व कचेरीकचेरीत घड्याळे टिकटिक करू लागली. तेव्हा यंत्राच्या साहाय्याने अंतर तोडता येते, मग काळ का तोडता येऊ नये, असा प्रश्न कोणाला तरी पडणारच होता. १८८१ साली एडवर्ड पेज मिचेल या अमेरिकन लेखकाने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात उलट्या चालणाऱ्या घड्याळाची कथा लिहिली. त्या घड्याळाने दोन मुलांना १५७४ सालच्या हॉलंडमध्ये, शत्रूने वेढा घातलेल्या लायडन शहरात नेऊन सोडले.

पण या प्रवासाला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. विज्ञानाचा अभ्यास केलेल्या या तरुणाने एकविसाव्या वर्षी, म्हणजे १८८८ साली, महाविद्यालयाच्या मासिकात अशा यंत्राची एक कथा लिहून पाहिली होती. ती त्याच्या मनासारखी उतरली नव्हती. तो ती पुन्हा पुन्हा लिहीत राहिला आणि १८९५ साली 'टाइम मशीन' ही त्याची छोटी कादंबरी बाहेर पडली. कालयंत्र हा शब्द आज आपण सहज वापरतो, तो या पुस्तकामुळे. वेल्सचे यंत्र निकेल, हस्तिदंत आणि स्फटिक यांचे बनविलेले आहे. त्यावर सायकलीसारखी बैठक असून दोन दांडे आहेत : एक पुढे जाण्यासाठी, एक मागे येण्यासाठी.

या यंत्रावर बसून वेल्सचा प्रवासी इसवी सन ८०२७०१ मध्ये जातो. तेथे त्याला माणसाच्या वंशाच्या दोन शाखा झालेल्या आढळतात. जमिनीवर सुंदर, दुबळी, लहान मुलांसारखी माणसे फळे खाऊन राहतात. जमिनीखाली अंधारात यंत्रे चालविणारी भेसूर माणसे राहतात, आणि ती रात्री वर येऊन वरच्यांना पकडून नेतात. श्रीमंतांनी नुसते बसून खावे आणि कष्टकऱ्यांनी अंधारात राबावे, हे असेच चालले तर पुढे काय होईल, हे वेल्सला आपल्या काळातील लोकांना दाखवावयाचे होते. एवढ्यासाठी त्याने त्यांना आठ लाख वर्षे पुढे नेले! त्या भयाण जगात वीना नावाची एक चिमुकली स्त्री प्रवाशाची सोबतीण होते. तिला खिशाचा उपयोग ठाऊक नसतो. फुले ठेवण्यासाठीच तो असावा, असे समजून ती त्याच्या खिशात फुले ठेवते. पुढे एका रात्री अरण्यात वणवा पेटतो आणि त्या गर्दीत ती नाहीशी होते. प्रवासी एकटाच परत येतो व मित्रांना सारी हकीकत सांगतो. मित्र हसतात. तो खिशात हात घालतो आणि दोन कोमेजलेली पांढरी फुले टेबलावर ठेवतो. मित्रांपैकी एक डॉक्टर ती उचलून निरखून पाहतो. पण ती कोणत्या जातीची, हे त्याला सांगता येत नाही.

दोन फुले! वेल्सने कोणतेही नवलाचे उपकरण आणविले असते तरी चालले असते. परंतु त्याने फुले निवडली आणि तीही कोणाच्या तरी मायेने दिलेली. पुढे प्रवासी पुन्हा यंत्रावर बसून निघून जातो तो कायमचाच. कथा सांगणाऱ्याजवळ मागे राहतात ती हीच दोन वाळलेली, ठिसूळ फुले.

वेल्सचे पुस्तक मोठ्यांसाठी होते. त्याच्या परिचयातील ईडिथ नेस्बिट या लेखिकेने तोच प्रवास मुलांना घडविला. १९०६ साली पुस्तकरूपाने निघालेल्या तिच्या 'ताईताची गोष्ट' या कादंबरीत चार भावंडांना लंडनमधील एका दुकानात अर्धा तुटलेला ताईत सापडतो. त्याचा दुसरा अर्धा भाग शोधण्यासाठी ती प्राचीन मिसरात, बाबिलोनमध्ये आणि समुद्रात बुडालेल्या काल्पनिक अटलांटिसमध्ये जातात. जुन्या काळची माहिती खरी असावी म्हणून नेस्बिटने ब्रिटिश म्युझियममधील वॉलिस बज या विद्वानाची मदत घेतली आणि पुस्तक त्यालाच अर्पण केले. एकदा ही मुले भविष्यकाळातही डोकावतात. तेथे भेटलेल्या एका मुलाचे नाव वेल्स असते, आणि एका थोर सुधारकावरून ते ठेवलेले असते! लेखिकेने आपल्या स्नेह्याची ही गोड थट्टाच केली आहे.

या पुस्तकातील एक प्रसंग मला विशेष वाटतो. बाबिलोनची राणी मुलांच्या मागोमाग लंडनला येते आणि ती तिला ब्रिटिश म्युझियममध्ये नेतात. तेथे काचेच्या कपाटात प्राचीन हार व कर्णभूषणे मांडलेली असतात. राणी ती पाहून खवळते : हे दागिने माझे आहेत, ते मला ताबडतोब द्या! रखवालदारांना ती वेडी वाटते. मुलांना हसू येते, वाचकालाही येते. पण राणीचे म्हणणे खोटे कुठे आहे? संग्रहालयात आपण मातीचे मडके किंवा गंजलेली कट्यार पाहतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. ते मडके कोणीतरी रोज घासले असेल, कोणाच्या तरी हातून ते पडले म्हणून त्याला बोलणी बसली असतील, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. राणी कपाटासमोर उभी राहून ओरडते, तेव्हा ते ध्यानात येते.

आता एक अवघड प्रश्न. मागच्या काळात गेलेल्या माणसाने तेथे काही बदलले तर काय होईल?

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी याने १९५२ साली एका लघुकथेत याचे उत्तर दिले. कथेतील एक शिकारी कंपनी गिऱ्हाइकांना कालयंत्रात बसवून सहा कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यात नेते आणि जो डायनोसॉर तसाही मरणारच आहे, तेवढाच मारू देते. जमिनीला स्पर्श होऊ नये म्हणून अधांतरी मार्ग बांधलेला असतो आणि त्यावरून पाय खाली ठेवावयाचा नाही, अशी सक्त ताकीद असते. एकेल्स नावाचा शिकारी भेदरतो आणि मार्ग सोडून पळतो. परत आल्यावर सारे काही किंचित निराळे भासते : हवेचा वास, पाटीवरील शब्दांची वर्णलेखनपद्धती आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल. एकेल्स थरथरत आपल्या बुटाचा तळ पाहतो. तेथे चिखलात एक मेलेले फुलपाखरू चिकटलेले असते.

(जाता जाता एक गोष्ट सांगतो. आजच्या शास्त्रज्ञांच्या मते हे महाकाय डायनोसॉर सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. तेव्हा ब्रॅडबरीच्या शिकाऱ्यांना सहा कोटी वर्षांपूर्वी जाऊन शिकार मिळालीच नसती आणि फुलपाखरूही वाचले असते!)

घडून गेलेली एखादी गोष्ट निराळी घडली असती तर, हा विचार आपल्या महाराष्ट्रात पानिपतच्या बाबतीत जितका झाला असेल तितका दुसऱ्या कशाच्याही बाबतीत झाला नसेल. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी सैन्याचा धीर सुटला. थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत याच क्षणाला हात घातला. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, की जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निसटून गेली होती आणि मराठे जिंकले होते. हा प्रवास मागेही नाही आणि पुढेही नाही. तो बाजूच्या वाटेने केलेला आहे. परत आल्यावर पंतांवर कोण विश्वास ठेवणार? पण त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान असते आणि त्यावर ती निसटलेली गोळी छापलेली असते. पुन्हा एकदा खूण!

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' हिलाही काळाचाच आधार आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्या नावाची आद्याक्षरे उलटी वाचून पाहा! कृष्णविवराजवळ काळ मंद गतीने चालतो, ही कविकल्पना नाही. वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळ आणि प्रबळ गुरुत्वाकर्षणातील काळ मंदावतो, असे आइन्स्टाइनने सिद्धांताने दाखविले होते. १९७१ साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक अशी अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. घरी ठेवलेल्या घड्याळांशी ती जुळेनात. फरक सेकंदाच्या अब्जांशांचा होता; पण तो होता, आणि गणिताने सांगितला त्याच्याशी जुळणारा होता. ककुद्मीच्या सत्तावीस चतुर्युगांपुढे तो काहीच नव्हे! तथापि पुढच्या काळात जाणे सृष्टीच्या नियमांना मंजूर आहे, याची ती घड्याळे हीच खूण होत. मागच्या काळात मात्र आजवर कोणीही गेलेले नाही.

मागच्या काळात जाऊनही काहीच बदलता आले नाही तर? ॲलिसन अट्ली हिच्या १९३९ सालच्या कादंबरीतील पेनेलोपी ही मुलगी डर्बीशायरमधील आपल्या नातलगांच्या जुन्या घरात राहावयास जाते. तेथील एखादे दार उघडले की ती शेकडो वर्षे मागे, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जाते. तेव्हा ते घर बॅबिंग्टन घराण्याचे होते. त्या घरचा तरुण मालक कैदेतील मेरी राणीला सोडविण्याचा गुप्त बेत करीत असतो. पेनेलोपीचा त्या माणसांवर जीव जडतो. पण तिने शाळेत इतिहास शिकलेला आहे. १५८६ साली या तरुणाला देहदंड होणार आणि १५८७ साली त्या राणीचा शिरच्छेद होणार, हे तिला ठाऊक आहे. ती सांगते, पण तिच्या सांगण्याने काहीही थांबत नाही. इतिहासाच्या पुस्तकातील दोन कोरड्या सनावळ्या त्या मुलीला किती जड झाल्या असतील, याची कल्पना करा.

आता ज्या पुस्तकाविषयी मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे, त्याकडे वळतो. फिलिपा पिअर्स या लेखिकेचे 'टॉम आणि मध्यरात्रीची बाग' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला इंग्लंडमधील मुलांच्या पुस्तकांसाठीचे कार्नेगी पदक मिळाले. पिअर्सचे बालपण केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्ड गावी, नदीकाठच्या गिरणीच्या घरात गेले होते. त्याच घराची आणि बागेची छाया या पुस्तकावर पडली आहे. (हे पुस्तक निघाले तेव्हा तेथून अगदी जवळ, केंब्रिज विद्यापीठात, तरुण जयंत नारळीकर गणिताचे विद्यार्थी होते. दोघांची भेट झाली असे नव्हे, पण योग मोठा मौजेचा!)

टॉमच्या भावाला गोवर येतो, म्हणून टॉमला सुटीत मावशीच्या घरी पाठवितात. ते घर म्हणजे एका जुन्या मोठ्या वाड्यात पाडलेल्या बिऱ्हाडांपैकी एक. खेळावयास अंगण नाही. मागील दाराबाहेर कचऱ्याचे डबे ठेवण्यापुरती अरुंद जागा. खालच्या दिवाणखान्यात उंच लाकडी पेटीतील लंबकाचे एक जुने घड्याळ असते. एका रात्री ते तेराचे टोले देते. टॉम उठतो, मागील दार उघडतो, आणि बाहेर चांदण्यात हिरवळ, ताटवे, उंच उंच झाडे असलेली विस्तीर्ण बाग पसरलेली असते.

तो रोज रात्री तेथे जाऊ लागतो. त्याला घरात फक्त काही मिनिटे लागतात, बागेत मात्र दिवसच्या दिवस जातात. त्याची पावले तेथील दंवावर उमटत नाहीत. बागेतील बहुतेक माणसांना तो दिसतच नाही. पण हॅटी नावाच्या एका लहान मुलीला तो दिसतो. ती अनाथ असते, चुलतीच्या घरी आश्रित म्हणून राहते आणि चुलती तिला टाकून बोलते. दोघांची गट्टी जमते. बागेतील काळ मात्र सरळ चालत नाही. एका रात्री टॉमच्या डोळ्यांदेखत वीज पडून एक उंच झाड कोसळते आणि पुढच्या खेपेस तेच झाड ताठ उभे असते! हॅटीही कधी लहान असते, कधी मोठी. टॉम आहे तेवढाच राहतो, आणि ती त्याला मागे टाकून वाढत जाते.

एका कडक हिवाळ्यात हॅटी बर्फावरून घसरत जाण्याच्या स्केट्स, म्हणजे बुटाला बांधावयाची पोलादी पाती, घेऊन निघालेली असते. टॉमजवळ तशी नसतात. तेव्हा त्याला एक युक्ती सुचते. हॅटीची खोली तीच आता टॉमची झोपण्याची खोली आहे. तो तिच्याकडून वचन घेतो : हे घर सोडून जाशील तेव्हा ही स्केट्स खोलीतील फळ्यांखालच्या तुझ्या गुप्त जागेत ठेवून जा. नंतर आपल्या काळात येऊन तो फळी उचलतो. स्केट्स तेथे असतात! सोबत तिची चिठ्ठीही असते. मग तो ती घेऊन पुन्हा बागेत जातो, आणि दोघे गोठलेल्या नदीवरून दूरच्या ईली शहरापर्यंत घसरत जातात. पाती एकच, पण ती एकाच वेळी दोघांच्याही पायांत!

या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते. वेल्सची फुले प्रवाशाच्या खिशातून आली, पंतांचे पानही खिशातून आले. टॉमला स्केट्स मिळाली ती कोणत्याही यंत्राने आणली नाहीत, घड्याळानेही नाहीत. ती लाकडाच्या फळीखाली, अंधारात, धूळ खात वर्षानुवर्षे पडून होती. वर माणसे आली, गेली. घर विकले गेले, त्याची बिऱ्हाडे झाली. एकाने जरी ती फळी उचलली असती तरी सारे संपले असते. एका मुलीने एका मुलाला शब्द दिला आणि तो पाळला, म्हणून ती पोहोचली.

ईलीच्या प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर टॉमचा भाऊ पीटर स्वप्नातून क्षणभर तेथे येतो आणि चकित होतो. टॉमने पत्रांतून जिचे वर्णन केले ती लहान मुलगी ही नव्हे, ही तर मोठी बाई आहे! टॉमने ते पाहिलेच नव्हते. परतीच्या वाटेवर हॅटी एका तरुणाशी बोलण्यात रमते आणि टॉम तिला दिसेनासा होतो. शेवटच्या रात्री तो दार उघडून धावत सुटतो, तो काय? बाग नाही; कचऱ्याचे डबे तेवढे आहेत. अंधारात तो जिवाच्या आकांताने हॅटीला हाक मारतो आणि सारा वाडा जागा होतो.

सकाळी वरच्या मजल्यावरील वृद्ध घरमालकीण बार्थोलोम्यूबाई टॉमला बोलावून घेतात. रात्री झोपमोड केली म्हणून क्षमा मागण्यास तो भीत भीत जातो. बाई त्याला जवळ बसवितात आणि म्हणतात, की तू माझेच नाव घेऊन हाक मारलीस. त्याच हॅटी होत्या. वृद्धपणी त्या रात्री पडल्या पडल्या आपल्या बालपणीची बाग स्वप्नात पाहत, आणि टॉम रोज त्या स्वप्नात जात असे. मग दोघे बागेच्या गोष्टी बोलत बसतात : ते पडलेले झाड, ती नदी, ती स्केट्स.

सुटी संपलेली असते. टॉम निरोप घेऊन शिष्टपणे जिना उतरू लागतो. मग एकाएकी मागे वळतो, धावत वर जातो आणि त्या म्हाताऱ्या बाईला घट्ट मिठी मारतो. खाली उभी असलेली मावशी हे पाहते. तिला काहीच ठाऊक नसते. रात्री ती नवऱ्याला सांगते, की पहिल्यांदाच भेटलेल्या त्या वृद्ध बाईंना टॉमने असे कवटाळले, जणू त्या एक लहान मुलगीच होत्या.

स्वाध्याय

१. रेवतीची उंची, रिपची बंदूक आणि एकेल्सच्या बुटाचा तळ यांवरून त्या त्या प्रवासाविषयी काय काय कळते?

२. बाबिलोनच्या राणीने मागितलेले दागिने म्युझियमने परत द्यावयास हवे होते काय? तुमचे मत कारणांसह दहा ओळींत लिहा.

३. पेनेलोपीला जे ठाऊक होते ते तिने त्या घरातील माणसांना सांगावयास हवे होते की नको? वर्गात चर्चा करा.

४. 'पाती एकच, पण ती एकाच वेळी दोघांच्याही पायांत' : हे कसे शक्य झाले, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

५. तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू शोधून काढा. ती कोणाची होती, ती कोणी जपली व तुमच्यापर्यंत कशी आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.